कोलाड राफ्टिंग आणि कुंडलिका दरी, पुण्याहून एका दिवसात जमेल का? (दोघांना पोहता येत नाही, सोबत सासरे)

शेवंती
बुधवार, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी,

डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात एखाद्या शनिवारी कोलाडला राफ्टिंगला जायचं घाटतंय. सकाळी पुण्याहून निघायचं, रात्री घरी. माणसं पाच: मी, नवरा, पंधरा वर्षांची लेक, कॉलेजातला पुतण्या आणि सासरे. सासऱ्यांनी सत्तरी ओलांडली आहे, गुडघे कुरकुरतात. ते बोटीत बसणार नाहीत, पण घरी थांबायलाही तयार नाहीत. मला आणि नवऱ्याला पोहता येत नाही. लेकीने बोटी उलटल्याचे व्हिडिओ शोधशोधून दाखवल्यामुळे नवरा आता "मी बाबांसोबत काठावर थांबतो" म्हणायला लागलाय.

पोहता न येणाऱ्यांनी जावं का? जाता-येता ताम्हिणीतली दरी बघून होईल का, की त्यासाठी वेगळा दिवस काढावा? देवकुंडचा धबधबाही त्याच बाजूला आहे म्हणतात. आणि सासऱ्यांचं काय करायचं?

घाटवाटवेडा
बुधवार, रात्री ११:०५

निवांत होतं एका दिवसात. फक्त आधी नदी, मग दरी असा क्रम ठेवा. पुष्कळ पुणेकर जाताना ताम्हिणीत फोटो काढत रमतात आणि कोलाडला पोचेपर्यंत बोटी निघून गेलेल्या असतात. राफ्टिंग सकाळी होतं, पाणी सुटतं त्या वेळेला. तुमच्या सोयीने नाही.

साडेआठच्या आत तिथे पोचायचं तर पाच वाजता चांदणी चौक मागे पडायला हवा. पौड, मुळशी, ताम्हिणी करत घाट उतरला की विळे लागतं. तिथून डावीकडचा रस्ता निजामपूर-माणगावला जातो. तुम्ही उजवीकडे वळा, सुतारवाडीवरून कोलाड. एकूण ११० किलोमीटरच्या आसपास आहे. डिसेंबरात घाटात पहाटे धुकं मिळू शकतं, घाई करू नका.

परतीला घाट चढून वर आलात की निव्याजवळ डावीकडे लोणावळ्याचा फाटा आहे. त्या रस्त्याने पिंपरी गावापाशी जा (चिंचवडवाली नव्हे). कुंडलिका दरी तिथून अगदी पायाशी दिसते, गाडीतून उतरून फार चालावं लागत नाही. सासऱ्यांचा प्रश्न तिथेच सुटला. दरी पश्चिमेला उघडते, म्हणून संध्याकाळी पाचच्या सुमारास पोचणं उत्तम.

देवकुंड त्याच दिवशी नको. भिऱ्याहून चालत जायला दीड-दोन तास, यायला तेवढेच. ताम्हिणीतल्याच प्लस व्हॅली नावाच्या दरीचं नावही काढू नका, सरळ उभी उतरण आहे. गुडघेवाल्यांनाच काय, राफ्टिंग करून दमलेल्या कॉलेजकुमारालाही झेपायची नाही.

काठावरचा
गुरुवार, सकाळी ७:४०

मी त्याच भागातला, म्हणून थोडं लांबण लावतो. पाण्याचं गणित कळलं की वेळेचा आग्रह का धरतात तेही कळेल.

कुंडलिका तशी छोटी नदी. पावसाळा सरला की तिच्या स्वतःच्या पाण्यात बोट सोडा, म्हैसही धड डुंबणार नाही. मग डिसेंबरात आणि मे महिन्यात राफ्टिंग चालतं कसं? तर पाणी मुळशीचं. मुळशी धरणातलं पाणी सह्याद्रीच्या कड्यापर्यंत आणून मोठ्या लोखंडी नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरात सोडतात. मुंबईला वीज देणारं टाटांचं हे केंद्र १९२७ पासून चालू आहे. वीज करून झाली की तेच पाणी भिरा-रवाळजे भागातून कुंडलिकेत येतं, आणि पुढे डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून कालव्यांना आणि रोह्याकडे जातं.

म्हणजे आपल्या बोटीसाठी कोणी पाणी सोडत नाही. पाणी विजेसाठी आणि खालच्या लोकांसाठी सुटतं, राफ्टिंगवाले त्यावर स्वार होतात. साजे गावाजवळून बोटी पाण्यात घालतात आणि साधारण १२ किलोमीटर खाली बाहेर काढतात. पाण्यावर दीड-दोन तास. लाट पुढे सरकली की मागे दगड उघडे पडायला लागतात. त्यामुळे "ट्रॅफिक लागलं, अर्धा तास थांबा" ही विनंती कोणी मान्य करत नाही, करूच शकत नाही. कधी केंद्रात दुरुस्ती असते आणि पाणीच सुटत नाही. आदल्या संध्याकाळी फोन करून "उद्या पाणी आहे का" विचारा. "बुकिंग आहे का" हा वेगळा प्रश्न.

खवचट_खान
गुरुवार, सकाळी ९:१५

थोडक्यात, मुंबईकरांनी एसी दाबून चालवले की पुणेकरांची बोट जोरात पळते. प्रथमच दोन्ही शहरांचं हित जुळलेलं दिसतंय.

काठावरचा
गुरुवार, सकाळी ९:५०

@खवचट_खान, अगदीच चुकीचं नाही. पण मधल्या बंधाऱ्यांमुळे वरच्या झोताला लगाम बसतो. इकडे बटण दाबलं आणि तिकडे लाट आली, इतकं सरळ नाही.

मावळतीकडे
गुरुवार, दुपारी १:३०

वरच्या प्रतिसादात मुळशीच्या पाण्याचा उल्लेख आला म्हणून एक अवांतर. हे पाणी मुळा-नीला खोऱ्यातलं. तसंच सोडलं असतं तर पुण्यावरून भीमा, कृष्णा करत बंगालच्या उपसागराला गेलं असतं. धरणाने त्याची दिशा फिरवली आणि ते आता रेवदंड्याला अरबी समुद्रात पडतं. धरणाखाली जमिनी जाणाऱ्या मावळ्यांनी १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू केला. १९२४ पर्यंत तो चालला. माणसं तुरुंगात गेली आणि शेवटी धरण झालंच. आमच्या आजोळची काही घरं त्या पाण्याखाली आहेत. राफ्टिंग जरूर करा, मीही केलंय. जाताना मुळशीचा जलाशय उजाडताना दिसेल, तिथे दोन मिनिटं गाडी थांबवा आणि लेकीला हे सांगा.

शेवंती
गुरुवार, दुपारी ३:१०

@मावळतीकडे, सांगेन नक्की. सासरे पौडजवळच्या गावचे, त्यांच्याकडे यातलं बरंच ऐकलेलं असणार. कधी विचारलंच नाही.

@काठावरचा, वेळ समजली. आता पोहण्याचं कोणीतरी बोला. नवऱ्याने आज ऑफिसातून दोन वेळा फोन करून "काही उत्तर आलं का" विचारलंय.

वल्हं
गुरुवार, रात्री ९:००

मी बोलतो. काही वर्षं हंगामात बोटी चालवल्या आहेत. कोलाडला नव्हे, उत्तराखंडात, पण नियम सगळीकडे तेच.

खळाळांना १ ते ६ अशी श्रेणी असते. १ म्हणजे नुसतं वाहतं पाणी, ६ म्हणजे जिवावर उदार. कुंडलिकेचा हा पट्टा नेहमीच्या पाण्याला २ आणि ३ मध्ये मोडतो, म्हणजे लाटा अंगावर येतात, बोट उडते, ओरडायला होतं, पण वाट मोकळी असते आणि चुकलात तरी पुढे शांत डोह मिळतो. पोहता न येणाऱ्याला इथे चालतं. खरं सांगायचं तर पोहता येणारेच जास्त त्रास देतात, कारण ते पाण्यात पडले की हात मारायला लागतात. त्या पाण्यात हात मारून कोणी कुठे जात नाही.

पडलात तर करायचं इतकंच: पाठीवर व्हा, पाय पुढे म्हणजे प्रवाहाच्या दिशेला, पायाची बोटं पाण्याबाहेर दिसली पाहिजेत. बसल्यासारखं राहा. दगड आला तर पायाने ढकला. आणि पाणी कमरेएवढं वाटलं तरी उभं राहू नका. ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. तळाच्या दोन दगडांत पाऊल अडकलं की मागून येणारं पाणी माणसाला पुढे पालथा दाबतं. लाइफ जॅकेट कितीही चांगलं असलं तरी मग उपयोग नाही. बोटीजवळ असाल तर बाजूने फिरवलेला दोर पकडा. आतला माणूस जॅकेटच्या खांद्याला धरून ओढून घेतो. हाताला धरून ओढायचं नसतं, खांदा निखळतो.

जॅकेट घातल्यावर सगळी बकलं आवळून घ्या आणि दुसऱ्याला खांद्याचे पट्टे जोरात वर ओढायला सांगा. जॅकेट कानापर्यंत आलं तर ते ढिलं आहे. लाज न बाळगता बदलून मागा. लेकीचं तुम्ही स्वतः तपासा. हेल्मेट मागे सरकून कपाळ उघडं पडत असेल तर तेही बदला.

आणि वल्हं. वल्ह्याच्या वरच्या टोकाला इंग्रजी टीसारखी मूठ असते. एक हात कायम त्या मुठीवर, झाकून. राफ्टिंगमधल्या बऱ्याच किरकोळ जखमा या मुठीने झालेल्या असतात: पुढच्याचं वल्हं मोकळं सुटतं आणि मागच्याचा दात किंवा नाक जातं. तुमच्या यजमानांना सांगा, बोट उलटायची भीती बाजूला ठेवा आणि पुतण्याच्या वल्ह्यापासून सांभाळा.

बोटीचं म्हणाल तर ती एका फुग्याची नसते, आत वेगवेगळे कप्पे असतात. एक फुटला तरी बाकीचे तरंगवतात. तळातून पाणी आपोआप निघून जातं, उपसायला लागत नाही.

कोणी मात्र जाऊ नये: गरोदर बायका, हृदयाचा त्रास असलेले, फिट येणारे, नुकतंच ऑपरेशन झालेले, पाठीच्या मणक्याचं दुखणं असलेले. दम्याचा पंप वापरत असाल तर तो गाइडच्या कोरड्या पिशवीत द्या आणि तसं त्याला सांगून ठेवा. वयाची अट बहुतेक ठिकाणी चौदाच्या पुढे, म्हणजे लेक बसेल.

चिंचेचं_झाड
गुरुवार, रात्री ९:४५

@वल्हं, वाखूसा (वाचनखूण साठवली). हा प्रतिसाद छापून डिकीत ठेवावा असा आहे.

शेवंतीताई, बायकांसाठी माझी भर. जीन्स नको, भिजली की मणाची होते आणि वाळत नाही. ओढणी, दुपट्टा काही नको. लेगिंग किंवा ट्रॅकपँट आणि गडद रंगाचा सिंथेटिक टीशर्ट. मंगळसूत्र, कानातलं, पाटल्या घरीच ठेवा, तिथे लॉकर मिळेलच असं नाही. चष्म्याला मागून दोरी बांधा. सपाता घालून कोणी येतं आणि पहिल्याच लाटेत एक सपात रेवदंड्याला रवाना होते. टाचेला पट्टा असलेले सँडल किंवा जुने कॅनव्हासचे बूट घाला. कपडे बदलायची खोली आहे का, दाराला आतून कडी आहे का, हे बुकिंगच्या वेळीच विचारा. मी विचारते, समोरच्याला विचित्र वाटतं, वाटू दे.

लेकीची पाळी त्या तारखेला येत असेल तर तारीख पुढे ढकला किंवा मेन्स्ट्रुअल कपची सवय असेल तर प्रश्न नाही. पॅड लावून पाण्यात बसण्यात अर्थ नाही.

गंगातीर
शुक्रवार, सकाळी ११:२०

मला एक कळत नाही, कोलाडचं एवढं कौतुक का? ज्याने हृषीकेशला शिवपुरीच्या पुढची गंगा पाहिली त्याला हा पोरखेळ वाटेल. धरणातून सुटलेल्या पाण्यावर बोट चालवायची म्हणजे नळ सोडून पोहायला शिकण्यातला प्रकार. खरी नदी बघायची तर हिमालयात जा.

घाटवाटवेडा
शुक्रवार, दुपारी १२:००

@गंगातीर, प्रश्नकर्तीला पोहता येत नाही, सोबत गुडघेदुखीचे सासरे आहेत आणि हातात एक शनिवार आहे. हृषीकेश?

शिवाय पावसाळ्यात गंगेवरचं राफ्टिंग बंद असतं. आणि धरणाच्या खालच्या पाण्याचं म्हणाल तर कर्नाटकात दांडेलीला काळी नदीवर जे चालतं तेही धरणाखालचंच. गोव्यात वाळपईकडे म्हादईवर बोटी चालतात, ते मात्र पावसाचं पाणी. म्हणून तिथला हंगाम पावसाळ्याचाच. प्रत्येक नदीचं वेगळं.

डेन्व्हरकर
शुक्रवार, रात्री ८:३५ (तुमच्याकडची)

धागा वाचून राहवलं नाही. आमच्याकडे कोलोरॅडोत अर्कान्सॉ नदीवर ब्राउन्स कॅन्यन म्हणून पट्टा आहे, ब्युना व्हिस्टा आणि सलायडा या दोन गावांच्या मध्ये. २०१५ साली त्याला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. नवख्यांना तिथेच नेतात, श्रेणी ३. दोन्ही बाजूंना गुलाबी ग्रॅनाइट, रस्ता दिसत नाही. भारतातून आई-बाबा आले की आम्ही त्यांना काठावर बसवून पोरांना बोटीत घालतो, त्यामुळे शेवंतीताईंचा प्रश्न ओळखीचा.

सांगायचं हे की तिथलं पाणीही पूर्णपणे आपखुशीने येत नाही. जूनमध्ये बर्फ वितळून नदी फुगते, जुलैत उतरायला लागते. मग १ जुलै ते १५ ऑगस्ट या काळात वरच्या तलावांतून पाणी सोडून प्रवाह ७०० क्युसेकच्या (सेकंदाला ७०० घनफूट) आसपास राखायचा प्रयत्न करतात. पाण्याची मालकी असलेल्या संस्था, मासेमारीवाले आणि राफ्टिंगवाले यांच्यात तसं ठरलेलं आहे. तेव्हा @गंगातीर, "खरी नदी" आता जगात फार ठिकाणी उरलेली नाही.

खवचट_खान
शुक्रवार, रात्री ९:०५

७०० क्युसेक? २०२४ च्या जुलैत खडकवासल्यातून ३५ हजारांवर सोडले होते. आमचं भिडे पुलावर राफ्टिंग का नाही?

वल्हं
शुक्रवार, रात्री ९:३०

कारण क्युसेकने फक्त किती पाणी ते कळतं. खळाळ होतो तो उतारामुळे, पात्र अरुंद झाल्यामुळे आणि तळाच्या दगडांमुळे. रुंद सपाट पात्रात प्रचंड पाणीही नुसतं गढूळ चादरीसारखं जातं, आणि त्यात वाहून आलेली झाडं, तारा, पुलाचे खांब असतात. त्या पाण्यात कसलेला माणूसही उतरत नाही.

बोटीत बसल्यावर पुढे बघा: दोन दगडांमधून पाणी गुळगुळीत जिभेसारखं पुढे निमुळतं होत जात असेल तर वाट तिथून. उलट, टोक आपल्याकडे करून फुटणारी रेघ दिसली तर त्या टोकाशी पाण्याखाली दगड आहे. दगडामागे पाणी उलटं फिरतं, तिथे गाइड बोट विसाव्याला घालतो. हे कळलं की मजा दुप्पट होते, नुसतं ओरडत जाण्यात काही नाही.

भित्री_भागूबाई
शनिवार, सकाळी १०:१०

पावसाळ्यात जावं का कोणी? जूनमध्ये ताम्हिणी जास्त सुंदर दिसते ना.

काठावरचा
शनिवार, सकाळी १०:४०

दिसते. पण नवख्याने नोव्हेंबर ते फेब्रुवारीच धरावं. पावसाळ्यात वरून सुटलेल्या पाण्यात ओढे-नाल्यांचं पाणी मिसळतं, ते कोणाच्या वेळापत्रकात नसतं. ताम्हिणीच्या डोक्यावर ढगफुटीसारखा पाऊस झाला तर खाली ऊन असताना नदी चढते. अशा दिवसांत प्रशासन बंदीही घालतं, घालायलाच हवी. देवकुंडला तर पावसाळ्यात बंदी असते आणि तरी लोक मागच्या वाटेने जातात. मग शोधायला गावातल्या पोरांनाच उतरावं लागतं.

आणखी एक फायदा सांगतो जो कोणी सांगत नाही. धाटावची एमआयडीसी राफ्टिंगच्या पट्ट्याच्या खालच्या अंगाला आहे. इथलं पाणी नाकातोंडात गेलं तरी घाबरू नका.

हिशेबी
शनिवार, दुपारी ४:००

पैशांवर कोणी बोललं नाही. वेबसाइटवर एक दर, फोनवर दुसरा, आणि तिथे गेल्यावर "जीप वेगळी" असा तिसरा, हे आमच्या वाट्याला आलंय. नाव घेत नाही. दर ऐकताना त्यात काय काय धरलंय ते विचारा: बोटी जिथे सोडतात तिथपर्यंतची गाडी, नाश्ता, जेवण, विमा, फोटो. आणि राज्य सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात आयोजकाला पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. नोंदणी आहे का हे विचारल्यावर जो चिडतो त्याच्याकडे जाऊ नका. बोटींसोबत सुरक्षेसाठी एक कायाक (एका माणसाची छोटी होडी) असते का, तेही विचारा. दोनशे रुपये वाचवायच्या नादात ती गायब असते.

चिंचेचं_झाड
शनिवार, संध्याकाळी ६:२०

आणि जेवण! तिथे जाऊन पनीर मागवू नका, हात जोडून विनंती. तांदळाची भाकरी, कोंबडीचा रस्सा, शाकाहारी असाल तर वालाचं बिरडं. डिसेंबरच्या शेवटाला किंवा जानेवारीत गेलात तर पोपटी.

शेवंती
सोमवार, रात्री १०:५० (तीन आठवड्यांनंतर)

जाऊन आलो. सगळ्यांचे आभार, उशिराने का होईना.

आदल्या संध्याकाळी "पाणी आहे का" विचारलं. पलीकडचा माणूस म्हणाला, "ताई, हे कोणी शिकवलं?" पाणी होतं. पाचला निघालो, मुळशीपाशी उजाडलं. सासऱ्यांना सत्याग्रहाचं विचारलं तर ते ताम्हिणीपर्यंत थांबलेच नाहीत. त्यांच्या चुलत आजोबांची जमीन गेली होती. लेक मागच्या सीटवरून पुढे वाकून ऐकत होती, फोन मांडीवर पालथा.

साज्याच्या बाजूला पोचलो तेव्हा नदीत मोठमोठे काळे दगड उघडे होते आणि त्यावर बगळे बसलेले. नवऱ्याचा चेहरा खुलला, "यात काय बुडणार!" गाइड जॅकेटं वाटत होता. उत्तरकाशीकडचा मुलगा होता, वल्हं धरायला हिंदीत शिकवत होता, मध्येच "मागे, मागे" मराठीत. त्याने माझ्या जॅकेटचे पट्टे वर ओढून पाहिले, पुन्हा दोन इंच आवळले. श्वास घेता येतोय का विचारलं. मी हो म्हणाले, तर अजून अर्धा इंच. एवढ्यात बगळे उठले. आवाज काही नाही, पण ज्या दगडावर पुतण्याने चपला ठेवल्या होत्या तो ओला झाला, मग दिसेनासा झाला. चपला पुतण्याने वाचवल्या.

पहिल्या दहा मिनिटांत नवऱ्याने देवाची नावं घेतली, त्यापुढे गाइडला "अजून मोठा कधी?" विचारायला लागला. एका खळाळाचं नाव म्हणे 'मॉर्निंग हेडेक'. तिथे पुढचं टोक वर गेलं, समोर आभाळ, मग सगळ्यांच्या तोंडावर गार पाण्याची बादली. @वल्हं, तुमची ती जीभ ओळखता आली. लेक पुढे बसून "उजवीकडे जीभ!" ओरडत होती, गाइड हसत होता. मुठीवरचा हात मी शेवटपर्यंत सोडला नाही, आणि नवऱ्याला पुतण्यापासून दूर, उलट्या बाजूला बसवलं होतं.

मधल्या शांत पट्ट्यात पाण्यात उतरायची मुभा देतात. मी दोर धरून उतरले. पाठीवर झाले, पाय पुढे. कानात पाणी गेल्यावर सगळे आवाज बंद, वर फक्त झाडांच्या फांद्या सरकताना दिसत होत्या. नवरा उतरला नाही. दोर धरणाऱ्याची जबाबदारी मोठी असते म्हणाला.

सासरे ड्रायव्हरसोबत गाडीने खाली येऊन थांबले होते. तोपर्यंत त्यांची चहाच्या टपरीवाल्याशी ओळख झाली, त्याचं आजोळ मुळशीचं निघालं. आम्ही ओलेचिंब बाहेर आलो तर हे आरामात वडापाव खात बसलेले. जेवण बिरडं-भाकरी. परत येताना ताम्हिणी गावात विंझाईचं देऊळ लागतं, तिथे ते थोडे टेकले.

मग पिंपरी. @घाटवाटवेडा, वेळ अचूक सांगितलीत. कड्याच्या आडव्या काळ्या पट्ट्या, दोन पट्ट्यांच्या मध्ये झाडीची हिरवी किनार, आणि खाली इतकं खोल की तळाशी सावली आधीच पडलेली. सासऱ्यांनी काठी टेकून बराच वेळ पाहिलं. सकाळी ज्या पाण्यावर आपण होतो ते एवढी उंची उतरून आलं असं सांगितलं, तर पुतण्या म्हणाला, "काकू, मग आपण वरूनच बसायला हवं होतं." वाऱ्याला थंडी होती, ओले कपडे बदलले होते म्हणून निभावलं. कठडा सगळीकडे नाही, लहान मुलं असतील त्यांनी हात धरून ठेवा.

साडेनऊला घरी.

गंगातीर
सोमवार, रात्री ११:१५

छान लिहिलंय. पोरखेळ शब्द मागे. हृषीकेशचं मत कायम.

घाटवाटवेडा
मंगळवार, सकाळी ८:००

त्या आडव्या पट्ट्या म्हणजे लाव्ह्याचे थर. एकावर एक ओतले गेलेले. कठीण थराचा कडा होतो, मऊ थर झिजून पायरी होते आणि तिच्यावर माती साठून झाडी धरते. त्याच पायऱ्यांवरून पिंपरी ते भिरा अशी अंधारबनची वाट जाते. पुढच्या वेळी सासऱ्यांना घरी ठेवून पुतण्याला तिथे घेऊन जा, त्याला वरूनच यायचं होतं ना.

लोकलवाली
मंगळवार, सकाळी ११:४०

आम्ही ठाण्याच्या मैत्रिणी, गाडी नाही, आणि मुंबई-गोवा महामार्गाचं नाव काढलं की पाठ दुखते. रेल्वेने जमेल का? आणि ती पोपटी म्हणजे नक्की काय, कुठे मिळते?

काठावरचा
मंगळवार, दुपारी २:१५

दिव्याहून रोह्याला गाडी आहे, पण सकाळच्या पाण्याला गाठायचं तर आदल्या दिवशी या. रोह्याहून कोलाडला मिनीडोर (मोठ्या रिक्षा) मिळतात. रात्री उशिरा त्यांचा भरवसा धरू नका, जिथे राहणार त्यांनाच स्टेशनवर गाडी पाठवायला सांगा.

पोपटी हॉटेलच्या कार्डावर शोधू नका. शेतात होते. भातकापणीनंतर पेरलेल्या वालाच्या शेंगा भरल्या की मडक्यात खाली भांबुर्डीचा पाला, वर शेंगा, मीठ, ओवा, हवी तर मसाला लावलेली कोंबडी किंवा अंडी, पुन्हा पाला दाबून तोंड बंद करायचं. मडकं जमिनीवर उपडं ठेवून भोवती पेंढा-काटक्या पेटवायच्या. पाण्याचा थेंब घालत नाहीत, पाल्याच्या वाफेवर शिजतं. मडक्यावर पाणी शिंपडायचं, चर्र करून लगेच उडालं की झालं. राहायच्या ठिकाणी दोन दिवस आधी सांगितलं तर करून देतात. शेंगा जानेवारीशिवाय धड भरत नाहीत, तेव्हा तारीख त्या हिशेबाने काढा.

लोकलवाली
मंगळवार, दुपारी २:३०

जानेवारीचा तिसरा शनिवार ठरला. आदल्या संध्याकाळी "पाणी आहे का" विचारणार, आणि दोन दिवस आधी "शेंगा आहेत का".